न्यूट्रिनो डिटेक्टरमधली पाच टक्क्यांची अनिश्चितता आणि टेस्ट बीमवरचे माझे काम

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवते. नोव्हा या न्यूट्रिनो प्रयोगात सहभागी असलेल्या एका भारतीय विद्यापीठात २०१९ मध्ये मी पीएच.डी.साठी नाव नोंदवले आणि २०२५ च्या मार्चमध्ये पदवीची अधिसूचना हाती आली. मधल्या काळात अमेरिकेतील फर्मीलॅब या प्रयोगशाळेत टेस्ट बीमवर, म्हणजे ओळखीचे कण सोडून डिटेक्टर तपासण्याच्या चाचणीवर, प्रत्यक्ष काम करण्यासाठी जावे लागले, आणि उरलेले बहुतेक काम गंगापूर रोडवरच्या आमच्या घरातून झाले. नोकरी सांभाळून असे संशोधन करता येते का, परवानग्या कोणत्या लागतात, खर्च किती येतो आणि मुळात तिथे जाऊन करायचे काय असते, हे प्रश्न गेल्या काही महिन्यांत अनेक विद्यार्थ्यांनी आणि तरुण सहकाऱ्यांनी विचारले. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधी कामाचा विषय सांगायला हवा, कारण तो नीट कळला नाही तर पुढच्या सगळ्या कागदपत्रांत, मुलाखतींत आणि समित्यांसमोर तो इतरांना समजावता येत नाही. न्यूट्रिनो या मूलकणावर विद्युतभार नसतो, त्यामुळे डिटेक्टरमधून जाताना तो स्वतःची कोणतीही खूण सोडत नाही. क्वचित एखादा न्यूट्रिनो अणुकेंद्रावर आदळतो, त्या टकरीतून म्युऑन, इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, पायऑन असे कण बाहेर पडतात आणि आपल्याला दिसतात ते हे कण. नोव्हाचे दोन डिटेक्टर आहेत. एक शिकागोजवळ फर्मीलॅबमध्येच जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल आहे. दुसरा तिथून ८१० किलोमीटर दूर, मिनेसोटा राज्यातील ॲश रिव्हर येथे असून त्याचे वस्तुमान १४ हजार टन आहे. दोन्हींची घडण एकाच प्रकारची आहे: पीव्हीसीच्या लांब चौकोनी नळ्या, त्यांत खनिज तेलात मिसळलेले सिंटिलेटर (कण गेला की प्रकाश देणारा पदार्थ) आणि प्रत्येक नळीत खालून वळवून परत वर आणलेला एक प्रकाशतंतू. विद्युतभारित कण तेलातून गेला की क्षणभर प्रकाश निर्माण होतो, तो तंतूतून नळीच्या टोकाला बसवलेल्या ॲव्हलांच फोटोडायोड या प्रकाशसंवेदकापर्यंत पोहोचतो आणि संगणकात एका आकड्याची नोंद होते. तो आकडा म्हणजे नेमकी किती ऊर्जा, हे ठरवण्याचे काम कॅलिब्रेशनचे.

नोव्हामध्ये यासाठी वैश्विक किरणांतून येणारे म्युऑन वापरतात. डिटेक्टरमध्ये येऊन थांबणारा म्युऑन, थांबण्याच्या जागेपासून मागे एक ते दोन मीटरच्या टप्प्यात दर सेंटिमीटरला किती ऊर्जा गमावतो हे सिद्धान्तावरून चांगले ठाऊक असते, म्हणून तो मापदंड ठरतो. परंतु न्यूट्रिनोच्या टकरीतून केवळ म्युऑन निघत नाहीत. थांबत आलेला प्रोटॉन अगदी थोड्या अंतरात इतकी ऊर्जा सोडतो की सिंटिलेटर त्या प्रमाणात प्रकाश देऊ शकत नाही. पायऑन वाटेत दुसऱ्या अणुकेंद्रावर आदळतो, कधी तिथेच शोषला जातो, तर कधी त्याच्या जागी उदासीन पायऑन तयार होऊन लगेच दोन गॅमा किरणांत विघटित होतो. काही ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातात आणि तिचा बराचसा भाग दिसतच नाही. संगणकीय सिम्युलेशनमध्ये हे सगळे मांडलेले असते, पण ते मांडणे प्रत्यक्षाशी कितपत जुळते हा वेगळा प्रश्न आहे. याच कारणाने नोव्हाच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ऊर्जेच्या मापनपट्टीवर ५ टक्के अनिश्चितता धरलेली होती.

हे ५ टक्के कुठे बोचतात ते एका हिशेबावरून दिसते. न्यूट्रिनो वाटेत एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतात. ८१० किलोमीटर अंतरावर म्युऑन न्यूट्रिनो असे सर्वाधिक प्रमाणात नाहीसे होतात ते सुमारे १.६ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेपाशी, आणि ही ऊर्जा नेमकी किती, यावरूनच न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांच्या वर्गांमधला फरक काढला जातो. ऊर्जेची पट्टी जितकी सरकेल त्याच प्रमाणात उत्तरही सरकते. त्याच विश्लेषणात हा फरक २.४१ अधिक-उणे ०.०७ असा दिलेला आहे (इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर्गाच्या हजाराव्या भागांत), म्हणजे एकूण अनिश्चितता सुमारे ३ टक्के. म्युऑनची ऊर्जा प्रकाशावरून न काढता त्याच्या मार्गाच्या लांबीवरून काढली जाते आणि दोन सारख्या डिटेक्टरांची तुलना केल्याने काही त्रुटी एकमेकींना रद्द करतात, म्हणून ५ टक्के जसेच्या तसे उत्तरात उतरत नाहीत. तरीही कॅलिब्रेशन हा अनिश्चिततेच्या मोठ्या स्रोतांपैकी एक राहतो, आणि न्यूट्रिनोंच्या आणखी दहा वर्षांच्या नोंदी मिळाल्या तरी तो आपोआप लहान होत नाही. नोंदींच्या संख्येने फक्त सांख्यिकीय त्रुटी घटते.

तराजू खरा की खोटा हे पाहायला माहीत वजनाचे माप लागते. टेस्ट बीममध्ये तेच करतात: तशाच नळ्यांचा, तशाच तेलाचा एक लहान डिटेक्टर तयार करून त्यात विद्युतभारित कण एकेक सोडायचे, आणि प्रत्येक कण कोणता आहे व त्याचा संवेग किती आहे हे तो आत शिरण्यापूर्वीच स्वतंत्र उपकरणांनी मोजून ठेवायचे. नोव्हाचा हा डिटेक्टर सुमारे ३० टनांचा होता; ६३ थर, २.६ मीटर रुंद, तितकाच उंच आणि ४.१ मीटर लांब. फर्मीलॅबमध्ये त्याने २०१९ ते २०२२ या काळात नोंदी घेतल्या.

२०२१ च्या जूनमध्ये माझ्या मार्गदर्शक सरांनी फोन करून विचारले, "पुढच्या वर्षीच्या शेवटच्या सत्रासाठी प्रत्यक्ष तिथे माणसे हवी आहेत. तुम्हाला रजा मिळेल का?" तोपर्यंत माझे काम सिम्युलेशनवर चालले होते आणि कोविडमुळे सगळ्या बैठका पडद्यावरच होत होत्या. उत्तर देण्यापूर्वी मी घरी बोलले. मुलगी तेव्हा सातवीत होती. सासूबाई म्हणाल्या, "तू जा, तिचं मी बघते," आणि यजमानांनी त्याच आठवड्यात स्वतःच्या रजेचे गणित मांडले. हे इथे लिहिते, कारण नोकरी करणाऱ्या स्त्रीला अशा कामासाठी लागणारी पहिली परवानगी कोणत्याही अर्जात नसते आणि तिची तयारी सर्वांत आधी करावी लागते.

कागदपत्रांची सुरुवात महाविद्यालयापासून झाली. अनुदानित महाविद्यालयातील शिक्षकाला परदेशी जायचे तर संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र, रजेचा मंजूर अर्ज आणि त्यापुढे उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयापर्यंत प्रस्ताव, असा आमच्याकडे क्रम होता. माझ्या प्रस्तावासोबत निमंत्रणपत्र, विद्यापीठाचे नोंदणीपत्र, त्या काळातील तासिका कोण घेणार याचे विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र आणि परतल्यावर सेवेत राहण्याचे हमीपत्र जोडले होते. कार्यालयातील भाऊसाहेबांनी पहिल्याच भेटीत एक मोलाची गोष्ट सांगितली: "मॅडम, रजेच्या तारखा निमंत्रणपत्रातल्या तारखांपेक्षा दोन्हीकडून आठवडाभर जास्त घ्या. विमान पुढे-मागे झालं तर पुन्हा सगळा प्रस्ताव फिरवावा लागतो." त्यांचा सल्ला पुढे अक्षरशः उपयोगी पडला. प्रस्ताव जुलैच्या मध्याला दिला, मंजुरी सप्टेंबरच्या अखेरीस आली. रजेचा काही भाग अर्जित आणि उरलेला विनावेतन होता. विनावेतन रजेत वेतनवाढीची तारीख पुढे जाते का, हे लेखा विभागाकडून आधीच लेखी घ्यावे.

मंजुरीची वाट पाहत असतानाच पासपोर्टचे नूतनीकरण केले. शुल्क १,५०० रुपये. माझ्या पदव्यांवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे नाव आहे. अशा वेळी विवाह प्रमाणपत्र, नावबदलाचे राजपत्र आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र एकत्र ठेवावे. फर्मीलॅबच्या नोंदणीत, व्हिसाच्या अर्जात आणि विमानाच्या तिकिटावर मी सगळीकडे पासपोर्टवरचेच नाव अक्षर न अक्षर तसेच लिहिले. लसीकरणाच्या प्रमाणपत्रावरही पासपोर्ट क्रमांक जोडून घेतला होता.

यजमान संस्थेकडून डीएस-२०१९ हा फॉर्म ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला. जे-१ व्हिसासाठी, म्हणजे संशोधक-अभ्यागतांना मिळणाऱ्या अमेरिकी व्हिसासाठी, तो आधारभूत कागद आहे. त्यावर कोणत्या वर्गात तुमची नोंद आहे ते नीट पाहावे: अल्पकालीन अभ्यागताच्या वर्गात जास्तीत जास्त सहा महिने राहता येते, परंतु दीर्घकालीन संशोधकाच्या वर्गाला लागू असलेले, पुन्हा त्याच वर्गात येण्यासाठीचे दोन वर्षांचे बंधन त्याला नसते. पुढे केव्हा तरी पोस्ट-डॉकसाठी जायचा विचार असेल तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. त्या वेळी सेव्हिस (अभ्यागतांची अमेरिकी सरकारी नोंदणी प्रणाली) शुल्क २२० डॉलर आणि व्हिसा शुल्क १६० डॉलर होते, म्हणजे दोन्ही मिळून साधारण साडेअठ्ठावीस हजार रुपये. व्हिसा शुल्क पुढे वाढले आहे, म्हणून अर्ज करताना चालू दर पाहावा. जे-१ साठी आरोग्य विमाही सक्तीचा असतो आणि त्याच्या अटी ठरलेल्या असतात: एका आजारासाठी किंवा अपघातासाठी किमान एक लाख डॉलरचे संरक्षण लागते. नेहमीची प्रवास विमा पॉलिसी या अटींत बसेलच असे नाही. पॉलिसीतील रकमा अटींशी ताडून मगच हप्ता भरावा.

मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात. बोटांचे ठसे आदल्या दिवशी द्यायचे असल्याने सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने गेले आणि बहिणीकडे मुक्काम केला. मुलाखतीत तुम्ही कशावर संशोधन करता, पैसे कोण देते आणि परत येऊन काय करणार, एवढेच विचारले, आणि माझी फाइल प्रशासकीय तपासणीसाठी ठेवून घेतली. भौतिकशास्त्राच्या अर्जदारांना हा अनुभव नवा नाही आणि तो नकारही नसतो, पण पासपोर्ट केव्हा परत मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही. माझ्याकडून स्वपरिचय, प्रकाशनांची यादी, प्रवासाचा बेत आणि संशोधनाचा सारांश ईमेलने मागवला गेला. सारांश एका पानाचा, साध्या भाषेत आणि आधीपासून तयार असावा. "विश्वातील मूलकणांच्या गुणधर्मांचे मूलभूत संशोधन, निकाल खुल्या नियतकालिकांत प्रसिद्ध होतात, अणुऊर्जेशी किंवा संरक्षणाशी संबंध नाही," ही तीन विधाने त्यात स्पष्ट असावीत. ते दोन महिने फार अवघड गेले. महाविद्यालयात माझ्या तासिका दुसऱ्यांना वाटून दिलेल्या, रजा मंजूर, आणि मी मात्र रोज सकाळी व्हिसा अर्जाची स्थिती दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तोच एक शब्द वाचत होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पासपोर्ट आला. तिकीट सरकारी अनुदानावर असल्याने ते ठरलेल्या अधिकृत प्रवासी संस्थांपैकी एकीकडूनच घ्यावे लागले. बोर्डिंग पास जपून ठेवावेत. परतल्यावर प्रवासखर्चाचा हिशेब त्यांच्याशिवाय पुढे सरकत नाही.

जानेवारी २०२२ च्या अखेरीस, निघण्याच्या आदल्या दिवशीचा कोविड चाचणीचा अहवाल हाती घेऊन मुंबईहून शिकागोला गेले. फर्मीलॅब शिकागोच्या पश्चिमेला बटाव्हिया गावाजवळ आहे आणि तेव्हा सगळीकडे बर्फ होते. पहिले काही दिवस ओळखपत्र, सुरक्षेची प्रशिक्षणे आणि त्यांच्या परीक्षा यांत गेले. किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात काम करण्यासाठीचे प्रशिक्षण वेगळे असते आणि त्यात लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकही होते. ते पूर्ण झाल्यावर गळ्यात अडकवायचा, अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा डोसिमीटर मिळतो. या प्रशिक्षणांच्या जागा मर्यादित असतात, म्हणून भारतातून निघण्यापूर्वीच नाव नोंदवून ठेवावे. मला सर्वांत विश्वास देणारी व्यवस्था किल्ल्यांची वाटली. कणांच्या शलाकेच्या (बीमच्या) बंदिस्त भागात जाणारी प्रत्येक व्यक्ती स्वतःची एक किल्ली घेऊन आत जाते आणि सगळ्या किल्ल्या जागेवर परत आल्याशिवाय शलाका सुरूच होऊ शकत नाही.

आता त्या शलाकेविषयी, कारण माझ्या मते अनिश्चिततेची खरी लढाई तिथेच आहे. फर्मीलॅबच्या मेन इंजेक्टर या कणत्वरकातून १२० जीईव्हीचे प्रोटॉन येतात. त्यांच्यापासून तयार केलेली दुय्यम शलाका तांब्याच्या एका लक्ष्यावर सोडली जाते आणि तिथून निघणाऱ्या कमी ऊर्जेच्या कणांची तिसरी शलाका आपल्या डिटेक्टरकडे येते. न्यूट्रिनोच्या टकरीत जसे कण निघतात तशाच ऊर्जेचे, साधारण २ जीईव्हीपर्यंत संवेग असलेले कण हवेत, म्हणून एवढा खटाटोप. कण येतात ते दर मिनिटाला सुमारे ४.२ सेकंद, उरलेला वेळ यंत्र दुसऱ्या प्रयोगांना शलाका पुरवते. वाटेत एक द्विध्रुवी चुंबक असतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे बारीक तारांचे चार कक्ष. चुंबकाने कणाचा मार्ग किती वळवला हे तारकक्षांवरून कळते आणि त्यावरून संवेग निघतो. त्याशिवाय उड्डाणकाल मोजणारे सिंटिलेटर आणि इलेक्ट्रॉन ओळखण्यासाठी चेरेन्कोव्ह काउंटर असतो.

उड्डाणकालाची किमया मी वर्गात नेहमी एका उदाहरणाने सांगते. १ जीईव्ही संवेगाच्या पायऑनला १० मीटर अंतर कापायला ३३.७ नॅनोसेकंद लागतात, प्रकाशाला ३३.४, पण तेवढ्याच संवेगाच्या प्रोटॉनला ४५.७. प्रोटॉन जड असल्याने बारा नॅनोसेकंद उशिरा पोहोचतो आणि आलेखावर त्याचा उंचवटा इतरांपासून स्वच्छ वेगळा दिसतो. इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि पायऑन मात्र या संवेगाला एकमेकांच्या इतके जवळ येतात की केवळ वेळेवरून त्यांना वेगळे काढता येत नाही. चेरेन्कोव्ह काउंटरची गरज इथे पडते. माझ्या सुरुवातीच्या शिफ्टमध्ये, पहाटेच्या वेळी, एका प्रोटॉनची नोंद पडद्यावर उघडून पाहिली. उड्डाणकाल प्रोटॉनचा, तारकक्षांवरून काढलेला संवेग १ जीईव्हीच्या आसपास, आणि डिटेक्टरमध्ये सरळ आत शिरून शेवटच्या काही नळ्यांत उजळत जाऊन थांबलेली एक छोटी रेघ. तीन वर्षे सिम्युलेशनमध्ये पाहिलेला कण इथे खरोखर येऊन थांबला होता आणि तो कोण आहे हे आम्हाला आधीच ठाऊक होते. त्या वेळी वाटलेला आनंद सांगायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत.

शिफ्टचे रोजचे काम मात्र नोंदवहीचे असते. तारकक्षांतील वायूचा प्रवाह, उच्च विद्युतदाब, फोटोडायोडांचे तापमान उणे १५ अंशांवर आहे का, चुंबकाचा प्रवाह ठरवल्याप्रमाणे आहे का, एखादी नळी गप्प तर झाली नाही ना, हे ठरावीक वेळाने पाहायचे आणि लिहायचे. नोंदवहीत "सर्व ठीक" असे लिहू नये, आकडा लिहावा. दोन वर्षांनी विश्लेषण करताना त्या नोंदवहीतले आकडेच आपल्याशी बोलतात. चुंबकाच्या प्रवाहाची आणि दिशेची एक नोंद संदिग्ध असली तर त्या सत्रातील सगळ्या कणांचा संवेग संशयास्पद होतो.

तारकक्षांच्या जागांच्या मोजणीवर मी बराच काळ घालवला. समजा, कणाचा मार्ग चुंबकामुळे ०.२ रेडियनने वळतो आणि १ मीटर अंतरावरच्या दोन कक्षांपैकी एक कक्ष आपल्या समजुतीपेक्षा १ मिलिमीटर बाजूला आहे. तेवढ्याने कोनात १ मिलिरेडियनची चूक होते, म्हणजे संवेगात अर्धा टक्का. ज्या मापाने ५ टक्के कमी करायचे, त्या मापातच अर्धा टक्का असा गेला तर उरलेल्या सगळ्या घटकांसाठी जागा फार थोडी राहते. चुंबकीय क्षेत्राचा नकाशा, वाटेतल्या हवेत आणि काउंटरांत कणाने गमावलेली ऊर्जा, एकाच वेळी दोन कण आत शिरण्याची शक्यता, या प्रत्येकाचा असाच हिशेब मांडावा लागतो. अनिश्चितता कमी करणे म्हणजे एका मोठ्या, कारण माहीत नसलेल्या आकड्याच्या जागी अनेक लहान आकडे आणणे आणि त्यांतल्या प्रत्येकाचे कारण सांगता येणे, असे मला या कामातून कळले.

एप्रिलच्या अखेरीस परतले ते थेट परीक्षांच्या कामात. टेस्ट बीमची सत्रे जुलै २०२२ पर्यंत चालू होती आणि तोपर्यंतच्या शिफ्ट मी नाशिकहून दूरस्थ पद्धतीने केल्या. भारतातून काम करणाऱ्यांसाठी यात एक मोठी सोय आहे: तिथली मध्यरात्र ते सकाळी आठ ही पाळी, जी तिकडच्या लोकांना नकोशी असते, ती उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसहा अशी येते. हिवाळ्यात ती तासाभराने पुढे सरकते. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे बदलतात, तेव्हा पाळीची वेळ भारतीय वेळेत लिहून भिंतीवर लावावी. पावसाळ्यात वीज जाते हे गृहीत धरून इन्व्हर्टर आणि मोबाइलचा दुसऱ्या कंपनीचा डेटा, अशी दुहेरी तयारी मी ठेवली होती. खर्च वीस हजारांच्या आसपास आला.

त्यानंतरचे विश्लेषण हा सर्वांत लांब आणि सर्वांत एकटा टप्पा होता. नोंदी नाशिकला उतरवून घेण्याचा प्रयत्नच करू नये. फर्मीलॅबच्या संगणकांवर दूरून प्रवेश घ्यावा, प्रोग्राम तिथेच चालवावेत आणि आपली जोडणी तुटली तरी ते चालू राहतील अशा सत्रात चालवावेत. माझे काम प्रोटॉनांवर होते: उड्डाणकाल आणि संवेग मिळून वस्तुमान काढायचे, प्रोटॉन निवडायचे, डिटेक्टरने दिलेला प्रकाश सिम्युलेशनच्या अपेक्षेशी ताडायचा, आणि मग सिंटिलेटरच्या संपृक्ततेचे (दाट ऊर्जेला त्या प्रमाणात प्रकाश न देण्याचे) गुणांक, संवेगाची पट्टी, वाटेतले पदार्थ हे एकेक बदलून उत्तर किती हलते ते पाहायचे. प्रोटॉन यासाठी फार उपयुक्त कण आहे, कारण थांबताना तो दाट ऊर्जा सोडतो आणि म्युऑनवर आधारलेले कॅलिब्रेशन जिथे सर्वांत कमी खात्रीचे असते त्या जागी थेट बोट ठेवतो. चाचणी डिटेक्टरच्या नळ्या २.६ मीटरच्या आणि ॲश रिव्हरच्या १५.५ मीटरच्या, म्हणून तंतूत होणारी प्रकाशाची घट दोन्हीकडे सारखी नाही; इथले उत्तर तिथे नेताना हा फरक वेगळा हिशेबात धरावा लागतो. साप्ताहिक बैठक रात्री असायची. मुलीचा अभ्यास झाला की त्याच टेबलावर मी बसायचे.

प्रयोगाच्या सहकार्यगटात कोणताही निकाल बाहेर दाखवण्यापूर्वी अंतर्गत समीक्षेतून जातो. तांत्रिक टिपण लिहायचे, नेमलेले समीक्षक प्रश्न विचारतात, प्रत्येकाला लेखी उत्तर द्यायचे आणि मग गटासमोर मंजुरी. माझ्या टिपणाला २०२३ च्या पावसाळ्यात सुरुवात झाली आणि पुढचा उन्हाळा लागेपर्यंत हे चालले. उशीर झाला याचे तेव्हा वाईट वाटले, परंतु समीक्षकांच्या एका प्रश्नामुळे मी शलाकेच्या पार्श्वभूमीचा, म्हणजे तिच्यासोबत येणाऱ्या नको असलेल्या कणांचा, हिशेब पूर्ण नव्याने केला आणि प्रबंधातील ते प्रकरण माझ्या मते सर्वांत भक्कम झाले. मंजूर आकडे गटाच्या नियमांप्रमाणे गटाच्याच लेखांतून प्रसिद्ध होतात, म्हणून ते इथे देत नाही.

विद्यापीठाच्या बाजूने एक अडचण अशा प्रयोगांतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला येते. माझी नोंदणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीखालची, त्यामुळे प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध आणि परिषदांतील दोन सादरीकरणे आवश्यक होती. गटाच्या निबंधांवर मोठ्या संख्येने लेखक असतात आणि नावे वर्णानुक्रमे येतात. अर्जात मात्र "प्रथम लेखक आहात का" असा रकाना असतो. यासाठी प्रयोगाच्या प्रवक्त्यांकडून (गटाचे नेतृत्व करणाऱ्या शास्त्रज्ञांकडून) माझ्या नेमक्या योगदानाचे पत्र घेतले, परिषदेच्या कार्यवृत्तात माझ्या एकटीच्या नावाने लेख दिला आणि संशोधन सल्लागार समितीच्या इतिवृत्तात दोन्हींची नोंद करून घेतली. हे पत्र शेवटच्या वर्षापर्यंत लांबवू नये, कारण प्रवक्ते ठरावीक काळाने बदलतात.

प्रबंध ऑगस्ट २०२४ मध्ये सादर केला. साहित्यचौर्य तपासणीत गटाच्या सामाईक टिपणांतील उपकरणवर्णनामुळे साम्याचे प्रमाण जास्त दिसू शकते, म्हणून डिटेक्टरचे प्रकरण पहिल्यापासून स्वतःच्या वाक्यांत लिहावे. बहिःस्थ परीक्षकांचे अहवाल यायला जवळपास सहा महिने लागले. मौखिक परीक्षेत एका परीक्षकांनी विचारले, "प्रोटॉनांवरून मिळालेले उत्तर पायऑनांना का लावता येत नाही?" या प्रश्नावर आम्ही बराच वेळ बोललो. पायऑनच्या बाबतीत प्रकाशाच्या प्रमाणाबरोबर अणुकेंद्राशी होणाऱ्या प्रक्रियांचे प्रमाणही अनिश्चित असते आणि त्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, असे मी सांगितले. ते त्यांना पटले, पण काम अजून बाकी आहे हेही त्यांनी इतिवृत्तात लिहिले, आणि ते योग्यच होते.

प्रवास आणि तिथला मुक्काम प्रकल्पाच्या अनुदानातून झाला, पण पैसे आधी स्वतः भरून नंतर परत मिळवावे लागले आणि ती रक्कम यायला वर्ष उलटले. त्यासाठी हाताशी दोन लाखांपर्यंत तरतूद असावी. व्हिसा, सेव्हिस, पासपोर्ट, प्रतिज्ञापत्रे आणि मुंबईच्या फेऱ्या यांचा खर्च माझा स्वतःचा होता. अधिसूचनेची प्रत महाविद्यालयात सेवापुस्तकात नोंदवण्यासाठी दिली आहे. प्रोटॉन निवडीचे प्रोग्राम, त्यांची टिपणे आणि तारकक्षांच्या जागांचे तक्ते विद्यापीठातील पुढच्या विद्यार्थिनीकडे सोपवले आहेत. ती आता त्याच नोंदींमधले पायऑन घेऊन काम करते आहे.